आवाज मागून येतोय

मे महिन्यातली दुपार होती. लातूरच्या गंजगोलाईपासून थोडं आत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी दहा बाय बाराची खोली आहे. तिलाच मी स्टुडिओ म्हणतो. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, दाराला दोन जाड पडदे. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, कूलर बंद. बाहेर पारा ४३ वर. माइकसमोर मामू बसले होते. सख्खे नव्हेत, अम्मीच्या माहेरच्या मोहल्ल्यातले. नांदेडला देगलूर नाक्याकडे राहतात. पहाटेची एसटी धरून लोहा, अहमदपूर, चाकूर करत आले होते. वय साठीच्या पुढं. मिलादच्या आणि उर्साच्या जलशांत चाळीस वर्षं नात पढणारा माणूस. वाद्य नाही, ठेका नाही, नुसता गळा.

पहिला मिसरा त्यांनी उचलला आणि मधेच थांबले. हेडफोन काढला, उलटसुलट करून पाहिला, परत कानाला लावला. पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबले.

"क्या हुआ मामू?"

"बेटा, मेरी आवाज मेरे पीछे-पीछे आ रई. मैं आगे, वो पीछे. ऐसा लगता कोई मेरी नकल उतार रा."

मला लगेच कळलं काय होतंय ते. लॅपटॉपमध्ये बफर ५१२ वर होता. मी तो १२८ वर आणला. आवाज वेळेवर आला, पण तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तशी चरचर त्यात सुरू झाली. लॅपटॉप सहा वर्षांचा, खालून हात लावू देईना. प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. लातूरच्या मे महिन्यात तो वेग कमी करणारच. बफर वाढवला की आवाज मागून येतो, कमी केला की आवाज फाटतो. दोन तास हेच चाललं. शेवटी मामूंनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "आज नसीब में नहीं. फिर आतूं."

संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. जायला चार तास, यायला चार तास, आणि हातात काहीच नाही. पण माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. जून संपताना मामूंचं थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं होतं. त्या गाठीच्या अगदी जवळून स्वरयंत्राची नस जाते. आवाजात फरक पडू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. वडिलांकडून शिकलेल्या सात नाती त्यांना त्याआधी नोंदवून ठेवायच्या होत्या. त्या कुठं छापलेल्या नाहीत, त्यांच्या चाली कुणी लिहिलेल्या नाहीत. जे काय आहे ते त्या एका गळ्यात.

त्या रात्री मी ठरवलं, आता डीएसपीवालं इंटरफेस घ्यायचंच.

हे प्रकरण काय आहे, ते लातूरकराला समजेल अशा भाषेत सांगतो.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळं लातूरचं घर नळाच्या नव्हे, टाकीच्या भरवशावर चालतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा अख्ख्या देशाला आमचं नाव कळलं. टाकीचं गणित आमच्या लेकराबाळांना पाठ आहे. टाकी मोठी असेल तर नळ चार दिवस उशिरा आला तरी घर चालतं, पण तुम्ही पिता ते पाणी शिळं असतं. टाकी लहान असेल तर पाणी ताजं, पण नळ जरा थांबला की घरात ठणठणाट.

बफर ही आवाजाची टाकी. कॉम्प्युटर एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० नमुने घेतो. ते एकेक करून हाताळणं त्याला जमत नाही, कारण त्याच्या मागं हजार कामं असतात. म्हणून तो नमुने एका टाकीत साठवतो आणि टाकी भरली की एकदम उपसतो. ५१२ नमुन्यांची टाकी भरायला साधारण ११.६ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक टाकी, बाहेर जाताना दुसरी, वर थोडा वेळ आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा परत आवाज करण्यात जातो. म्हणजे मामूंच्या तोंडातून निघालेला सूर त्यांच्याच कानात पोचेपर्यंत पंचवीसेक मिलिसेकंद गेलेले असतात. टाकी ६४ नमुन्यांची केली तर हाच वेळ चार-सहा मिलिसेकंदांवर येतो. पण मग कॉम्प्युटरला सेकंदातून जवळजवळ सातशे वेळा टाकी उपसावी लागते. एकदा जरी तो उशिरा पोचला तरी टाकी कोरडी पडते. तीच ती चरचर.

डीएसपी म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर. एकच काम करणारी चिप. आकडे गुणायचे, बेरीज करायची, पुढं पाठवायचे. तिला ना ईमेल बघायचे, ना विंडोजचं अपडेट उतरवायचं. कॉम्प्युटर म्हणजे सगळ्या गल्लीची सामायिक नळलाइन असेल, तर डीएसपी म्हणजे आपल्या अंगणातला स्वतंत्र बोअर. गल्लीत कुणीही मोटर लावो, आपलं पाणी आपल्याला वेळेवर मिळणार. ही चिप इंटरफेसच्या डब्यातच बसवली, की गाणाऱ्याचा आवाज लॅपटॉपची वाट न बघता तिथल्या तिथं कॉम्प्रेसर, इको, रिव्हर्ब घेऊन दोनेक मिलिसेकंदांत कानात परत येतो.

ही कल्पना जुनी आहे. नव्वदच्या दशकात प्रो टूल्स आलं, तेव्हाच्या कॉम्प्युटरांना हे ओझं पेलवत नव्हतं, म्हणून सगळा भार वेगळ्या कार्डांवरच्या चिपांनी उचलला. मोठ्या डबिंग आणि फिल्म स्टुडिओंसाठी २०११ साली आलेल्या एचडीएक्स कार्डावर अशा १८ चिपा आहेत. लहान स्टुडिओवाल्यांसाठी टीसी इलेक्ट्रॉनिकचं पॉवरकोअर होतं, युनिव्हर्सल ऑडिओचं यूएडी-१ होतं. पॉवरकोअर २०११ मध्ये बंद झालं. युनिव्हर्सल ऑडिओनं २००८ साली यूएडी-२ आणलं आणि २०१२ साली माइकचा इंटरफेस आणि डीएसपी एकाच डब्यात घातले, ते अपोलो. त्यात एक चिप असेल तर सोलो, दोन असतील तर ड्युओ, चार असतील तर क्वाड.

पण बोअर स्वतंत्र असला तरी त्यालाही ठरावीकच पाणी लागतं. कुणाला दोन इंची, कुणाला तीन इंची. प्रत्येक प्लगइन चिपेचा ठरलेला हिस्सा खातं आणि हिस्से संपले की पुढचं प्लगइन उघडतच नाही. कॉम्प्युटर निदान धापा टाकत चालतो, डीएसपी सरळ नाही म्हणते. त्यामुळं सोलो घेऊ की क्वाड, हा प्रश्न सुटता सुटत नाही. सोलो घेतली तर वर्षभरात अपुरी वाटणार, क्वाड घेतली तर दुकानाचं भाडं थकणार.

हैदराबादच्या दुकानदारानं मधल्या मॉडेलचा भाव फोनवर सांगितला. एक लाख अठरा हजार. माझ्याकडं होते एक्केचाळीस. उरलेले क्रेडिट कार्डावर, हप्त्यानं.

आमच्या घरात व्याजाचा पैसा येत नाही. हा अब्बांचा जुना नियम आहे. मी जरा आडवळणानं विषय काढला. म्हटलं, हल्ली नो कॉस्ट ईएमआय मिळतो, त्यात व्याज नसतं.

अब्बा चहा फुंकत म्हणाले, "कॉस्ट नहीं तो बँकवाला क्या सवाब के वास्ते दे रा?"

चौकशी केली तर खरंच निघालं. व्याज असतंच. दुकानदार तेवढी सूट आधीच देतो म्हणून ते आपल्याला दिसत नाही. आणि मला हव्या त्या वस्तूवर तीही सवलत नव्हती. महिन्याला साडेतीन टक्क्यांचं व्याज होतं, तेही लपवलेलं नाही, सरळ छापलेलं.

मग दोन दिवस मी स्वतःशीच भांडलो. एकीकडं मामूंचा आवाज, दुसरीकडं अब्बांचा नियम. आणि तिसरीही एक गोष्ट होती, जी मी कुणाला सांगितली नव्हती. ती नांदेडची.

हे काम मी नांदेडला शिकलो. २००९ ते २०१३. बारावी झाल्यावर इंजिनिअरिंगचा नंबर लागला नाही, आणि लागला असता तरी फी कुठली भरणार? आमचे सर की-बोर्ड वाजवायचे आणि त्यांच्या जिन्याखालच्या खोलीत अख्खा मराठवाडा गाऊन जायचा. १४ एप्रिलच्या आधी महिनाभर भीमगीतं, रबी-उल-अव्वलच्या आधी नाती, गणपतीत आरत्या, मधे निवडणूक लागली तर उमेदवारांची गाणी. त्या खोलीत कुणाला कुणाचं वावडं नव्हतं. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांनी मराठीत कव्वाली गायली, ती ऐकत वाढलेली पोरं ढोलकीवर जो हात टाकायची, तोच हात दुसऱ्या दिवशी हम्द-नातीच्या मागं दफावर पडायचा. सर दोघांनाही एकच सांगायचे, "बोल साफ, बाकीचं मी बघतो."

बाकीचं बघायला सरांच्या कॉम्प्युटरमध्ये एक डीएसपी कार्ड होतं. कुठल्या कंपनीचं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण जे झालं त्यात चूक कार्डाची नव्हती, आमची होती. त्या काळी एक चांगला रिव्हर्ब लावला की निम्मा कॉम्प्युटर खलास व्हायचा. ते कार्ड होतं म्हणून सर १३ एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत चार-चार गाणी मिक्स करून देऊ शकायचे. कार्डावरचा रिव्हर्ब लावला की जिन्याखालच्या खोलीतला आवाज एखाद्या जुन्या मशिदीच्या कमानीखालून आल्यासारखा वाटायचा. मला तर जादूच वाटायची.

मी लातूरला परतल्यावर वर्षभरात एका पावसाळी रात्री वीज वरखाली झाली आणि त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. कार्ड शाबूत होतं. पण ते जुन्या पीसीआय खाचेचं, आणि नव्या मदरबोर्डावर ती खाचच नाही. सरांनी नवा कॉम्प्युटर घेतला, जुन्या फायली उघडल्या. गाणी उघडली, पण जिथं जिथं कार्डावरचं प्लगइन होतं तिथं रिकामी चौकट.

त्यातच कंधारकडच्या एका बुजुर्ग कव्वालांचं काम होतं. ते वारले होते. त्यांचा मुलगा आला. एका मिसऱ्यात अब्बांकडून एक लफ्ज चुकलाय, दुसऱ्या टेकमध्ये तो बरोबर आहे, तेवढा बदलून द्या म्हणाला. साधं काम, दहा मिनिटांचं. पण मिक्स उरलंच नव्हतं. उरली होती पूर्वी पेनड्राइव्हवर दिलेली एमपीथ्री, तीही १२८ केबीपीएसची, आणि प्लगइनशिवायचे कोरडे ट्रॅक. सर मला फोन करून बोलावून घेतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. मी गेलो. दोन रात्री आम्ही कानानं जुळवायचा प्रयत्न केला. मुलानं ऐकलं आणि हळूच म्हणाला, "अच्छा है. मगर वैसा नहीं है." कोरडा आवाज पेनड्राइव्हवर घेऊन गेला. पैसे देत होता, सरांनी घेतले नाहीत.

ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही. हार्डवेअरवर चालणारं प्लगइन म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच डब्यात. डबा आहे तोवर सगळं आपलं. डबा गेला, की आपलंच गाणं आपल्याला ओळख देत नाही. मामूंच्या सात नाती मी अशा कुलपात ठेवणार होतो का?

तिसऱ्या दिवशी रात्री लाइट गेली. आम्ही बापलेक गच्चीवर बसलो होतो. अब्बांनी आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. लातूर, औसा, उदगीर, निलंगा, असं एक गाव नाही जिथल्या नवरदेवाला त्यांनी मंडपापर्यंत पोचवलं नाही. मी त्यांना मामूंचं दुखणं सांगितलं. आवाज पंचवीस मिलिसेकंद उशिरा येतो. म्हणजे आठ-साडेआठ मीटरवरून कुणी बोलल्यासारखं, कारण हवेत आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर चालतो.

अब्बा हसले. म्हणाले, वरातीत आम्ही पुढं असायचो आणि मोठा ढोल मागं, दहा-बारा मीटरवर. ढोल ऐकून वाजवायला गेलं की चाल रेंगाळायची. म्हणून मास्तर मागं वळून हातानं ठोका दाखवायचा. ढोल उशिरा आला तर निभावतं, त्याची सवय होते. "मगर अपनी क्लॅरिनेट तो मुँह में रैती. वो देर से आएगी तो आदमी पागल हो जाएगा ना?" मग जरा थांबून म्हणाले, "सामने की बिल्डिंग से गूँज आती थी, वो भी देर से आती थी. उससे किसको तकलीफ? उल्टा मजा आता था."

मी गच्चीवरच उठून उभा राहिलो.

मामूंना दोन गोष्टी हव्या होत्या आणि मी त्या एकाच टाकीत घातल्या होत्या. पहिली, स्वतःचा आवाज. तो कानात वेळेवरच लागतो, कारण आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, तिथं उशीर शून्य. हाडांतला आवाज आधी आणि हेडफोनमधला नंतर आला, की माणसाला आपलीच नक्कल ऐकू येते. दुसरी गोष्ट, गूँज. चाळीस वर्षं मामू जलशात गायले ते इको लावलेल्या माइकवर. कोरडा आवाज कानात आला तर ते बिचकत गातात, सूर आखडता घेतात. पण गूँज उशिराच यायची असते. उशीर हा तिचा स्वभावच आहे. चार मीटरवरच्या भिंतीवर आपटून आवाज परत यायला २३ मिलिसेकंद लागतात. माझ्या लॅपटॉपचा उशीर जवळपास तेवढाच. ज्याला मी दोष समजत होतो, ती गूँजेसाठी चार मीटरवरची भिंत होती.

माझ्याकडचं आठ-नऊ हजारांचं साधं इंटरफेस. त्यावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपकडं न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. हे बटण मला माहीत होतं. पण त्यात आवाज कोरडा येतो म्हणून मी ते वापरतच नव्हतो. आता असं केलं. बटण दाबून कोरडा आवाज थेट कानात दिला. लॅपटॉपमध्ये मामूंच्या ट्रॅकचा फेडर पूर्ण खाली ओढला, म्हणजे तोच आवाज दुसऱ्यांदा येणार नाही. ट्रॅकवरून रिव्हर्बकडं एक प्री-फेडर सेंड काढला आणि रिव्हर्ब शंभर टक्के वेट ठेवला, म्हणजे लॅपटॉपमधून फक्त गूँज परत येईल. बफर परत ५१२ वर. लॅपटॉपला दम खायला वेळ, चरचर बंद. स्वतः माइकसमोर बसून दोन ओळी गुणगुणलो. आवाज माझ्या तोंडातच होता आणि गूँज समोरच्या भिंतीवरून येत होती. खर्च शून्य रुपये.

ही काही माझी शोधाशोध नाही. जुन्या जाणत्या रेकॉर्डिस्टांना ही युक्ती ठाऊक असते. आणि गंमत बघा, जलशात मंडपवाला मिक्सरवरचं इकोचं जे बटण फिरवतो, त्याच्या पोटातही एक छोटी डीएसपीच बसलेली असते. आपण स्वतंत्र हार्डवेअर म्हणून लाखाच्या डब्याकडं बघत बसतो आणि ते गल्लोगल्ली ताडपत्रीखाली धूळ खात असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मीच नांदेडला गेलो. मामूंना पुन्हा चार तास एसटीत बसवायचं नव्हतं. लॅपटॉप, इंटरफेस, माइक आणि चार गोधड्या. फजरची नमाज झाली की त्यांच्या मागच्या खोलीत बसायचो. तेव्हा हवा थंड, रस्ता शांत, लॅपटॉपही थंड. पहिल्या दिवशी हेडफोन घातल्यावर मामू गप्प झाले. मला वाटलं पुन्हा काही बिनसलं. मग त्यांनी डोळे मिटून पहिला मिसरा उचलला आणि थांबलेच नाहीत. चार सकाळींत सात नाती झाल्या. एका नातीत मागच्या गल्लीतला कोंबडा आहे. तो मी काढला नाही.

मग प्रश्न उरतो, डीएसपी हार्डवेअर घ्यायचं की नाही? मला बरीच तरुण पोरं हे विचारतात, म्हणून माझं मत लिहून ठेवतो.

ते आवाज 'भारी' करतं म्हणून घेऊ नका. तेच गणित चिपेवर केलं काय आणि लॅपटॉपवर केलं काय, उत्तर तेच येतं. मिक्सिंगसाठी तर आता त्याची गरज फारच कमी उरली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलचा एम-वन आला, बाकीचे प्रोसेसरही पुढं गेले. ज्या युनिव्हर्सल ऑडिओनं जवळपास वीस वर्षं प्लगइनला आपल्या चिपेची अट घातली, तिनंच २०२२ पासून तिच्या हार्डवेअरशिवाय चालणारी प्लगइन द्यायला सुरुवात केली. यातून काय ते समजा. मिक्स करताना उशीर झाला तर वाट बघणारे आपण एकटेच असतो. बफर १०२४ करा आणि चहा प्या.

डीएसपी घ्यायची ती समोर गाणारा माणूस थांबलेला असतो म्हणून. कानात कॉम्प्रेस केलेलाच आवाज हवा, गिटार ॲम्पच्या प्लगइनमधूनच ऐकायची आहे, सूर सुधारून ऐकल्याशिवाय गायकाचा धीर होत नाही, अशा ठिकाणी माझी युक्ती चालत नाही. कारण तिथं मूळ आवाजच प्रक्रियेतून यावा लागतो. अख्खी कव्वाली पार्टी आठ-दहा माइकांवर एकदम बसवायची आणि प्रत्येकाच्या कानात वेगळं मिश्रण द्यायचं, तिथंही तो डबा पैसे वसूल करतो. ज्याच्याकडं असं काम रोज आहे त्यानं जरूर घ्यावा, रोख घ्यावा, आणि मधली तरी घ्यावी. ज्याच्याकडं ते वर्षातून दोनदा येतं त्यानं आधी हेडफोनमधल्या माणसाला विचारावं, की नेमकं काय उशिरा येतंय.

आणि घेतलाच तर एक नियम पाळा. गाणं झाल्यावर प्रत्येक ट्रॅक दोनदा उतरवून ठेवा. एक कोरडा, एक सगळा साज चढवलेला. दोन्ही साध्या वेव्ह फाइलमध्ये. कुठलं प्लगइन, कुठल्या सेटिंगवर, ते साध्या कागदावर लिहा. डबा उद्या बंद पडेल, कंपनी परवा बंद पडेल, खाच बदलेल. वेव्ह फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. कंधारच्या त्या मुलाला मी हे देऊ शकलो नाही.

माझ्या एक्केचाळीस हजारांपैकी काहींचा चांगला यूपीएस घेतला, काहींचे कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन, आणि दोन हार्डडिस्क. एक लातूरला असते, दुसरी नांदेडला सरांच्या कपाटात. उरलेले अम्मीकडं दिले. अब्बांनी विचारलं, "वो मशीन का क्या हुआ?" मी म्हटलं, "आपने मना किया ना." ते म्हणाले, "मैंने सूद को मना किया. मशीन को कब मना किया?" हेही खरंच होतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली, अलहम्दुलिल्लाह. पण आवाज पूर्वीचा राहिला नाही. खालचे सूर लागतात, वरच्या षड्जाशी पोचताना हवा निसटते. सप्टेंबरात, मिलादच्या आठवडाभर आधी, मी मिक्स झालेल्या सातही नाती घेऊन नांदेडला गेलो. मामू ओट्यावर बसले होते. मी हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला. पहिली नात संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग एक कान उघडा करून, त्या नव्या बसक्या आवाजात म्हणाले,

"अब वो आगे है बेटा. मैं पीछे."

त्यांचा नातू दारात उभा होता, दहा-अकरा वर्षांचा. मामूंनी हेडफोन काढून त्याच्या कानाला लावला. तो मोठा होता त्याला, दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. तिसऱ्या मिसऱ्याला त्यानं बरोबर सूर पकडला. अगदी वेळेवर.